कै. लक्ष्मीबाई टिळक : एका कष्टाळू माउलीचे स्मरण

ज्या मासिकाची पाने बियाण्यांची निवड, खतांची प्रमाणे, कालव्याच्या पाळ्या आणि बाजारभाव यांसाठी राखलेली असतात, त्यांत एका ख्रिस्ती माउलीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. शेती हा एकट्या पुरुषाचा धंदा नव्हे. तो घराचा धंदा आहे. घर ज्या खांबावर उभे असते तो खांब बहुधा घरातील बाई असते, आणि तोच खांब कोणत्याही दप्तरात नमूद नसतो.

आम्ही हयातीची बरीच वर्षे महसूल खात्यात कारकुनी केली. पीकपाहणीत बाजरी किती, ज्वारी किती, पडीक किती हे लिहिले. विहीर लिहिली, बांधावरची आंब्याची झाडे मोजून लिहिली. परंतु त्या बाजरीतील तण कोणी काढले, कणसे कोणी खुडली, धान्य कोणी उफणले, बी राख लावून मडक्यात कोणी जतन केले आणि पहाटे जात्यावर कोण बसले, हे लिहिण्यास नमुन्यात रकाना नव्हता. आजही नाही. त्यामुळे आपल्या आयाआज्यांच्या कष्टांचा हिशेब त्यांच्याबरोबरच स्मशानात वा कबरस्तानात जातो. अशा स्थितीत जिने आपल्या संसाराचा हिशेब आपल्याच हाताने, काही न लपविता आणि काही न फुगविता लिहून ठेवला, अशी एक बाई आपल्याच मुलखात राहून गेली. ती म्हणजे कै. लक्ष्मीबाई टिळक. सोनईहून फार दूर नसलेल्या राहुरीत त्यांनी दुष्काळाचे दिवस काढले आणि नगर शहरात त्यांचा संसार कित्येक वर्षे झाला. ज्या राहुरीचे नाव आज आपण १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे घेतो, त्याच राहुरीचे हे जुने स्मरण आहे. वाचकांनी ते आपल्याच घरातील वडील बाईचे स्मरण समजून वाचावे, अशी विनंती आहे.

बालपण व विवाह

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात मनू म्हणत. वडिलांना सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाले, त्या धक्क्यातून हे वेड जडले असे सांगतात. बाजारातून आलेले मीठ आणि साखर हीसुद्धा धुऊन घेतल्यावाचून घरात घ्यावयाची नाहीत, येथपर्यंत मजल गेली होती. ज्या घरात मीठ धुतले जाते त्या घरात बायकामुलांचे काय हाल होत असतील, हे सांगावयास नको. धुण्याचा, सारवण्याचा आणि उपासांचा सारा भार बायकांवरच पडावयाचा. परंतु या तऱ्हेवाईकपणाची हकीकत लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिली, ती वडिलांचा द्वेष न करता, आणि वाचणाऱ्यास हसू येईल अशा रीतीने. दुःख सांगताना हसविणे हा गुण त्यांच्या अंगी अखेरपर्यंत राहिला.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. पुढे मराठी काव्यात फुलामुलांचे कवी म्हणून ते नावाजले. माणूस बुद्धिमान, दयाळू, शीघ्रकवी. परंतु संसाराच्या दृष्टीने पाहिले तर हाताला छिद्र असलेला. एका गावी टिकावयाचे नाही, एका नोकरीत रमावयाचे नाही. नाशिक, नागपूर, राजनांदगाव असा फिरता संसार चालला. पगार हाती आला तर घरी येईपर्यंत तो शिल्लक राहीलच अशी खात्री नाही. वाटेत कोणी गरजू भेटला की त्याच्या हाती गेलाच. घरी पाहुणे मात्र केव्हाही व कितीही.

आमच्या शेतकरी वाचकांस अशा संसाराची कल्पना सहज येईल. जिरायत जमिनीचा धनी जसा आभाळाकडे पाहून वर्षाची बेगमी करतो, तशी ही बाई नवऱ्याच्या खिशाकडे पाहून करीत असे. आला पाऊस तर सुगी, न आला तर कोरड. अशा संसारात जी चूल विझू देत नाही तिला काटकसर कोणी शिकवावी लागत नाही. त्यातून दत्तूच्या आधीची अपत्ये हाती लागली नाहीत, हे दुःख वेगळेच. १८९१ साली जन्मलेला दत्तात्रेय, हाच पुढे देवदत्त नारायण टिळक या नावाने ओळखला गेला.

लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या लहरीप्रमाणे, मधूनमधून. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर त्यांनी पुढे काय केले ते येईलच. परंतु "आमच्या बाईला काय येते" असे म्हणण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी ही गोष्ट येथेच ध्यानात धरावी.

१८९५ चे वादळ

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. धर्मांतराच्या बऱ्यावाईटाचा खल येथे करावयाचा नाही. ज्याने त्याने आपल्या विवेकाने तो करावा. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्या बाईचे. पदरी चार वर्षांचे मूल. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी तो गेल्यासारखाच. माहेरची व आप्तांची माया आहे, पण ती उपकाराची. पंढरपुरासारख्या क्षेत्रात आप्तांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. शोक इतका की प्रकृती पार ढासळली. तरी त्यांनी मूल सोडले नाही आणि नवऱ्याविषयी वावगा शब्द ऐकून घेतला नाही.

काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परत आल्या. परंतु आल्या त्या आपला धर्म व आपले सोवळे घेऊनच. एकाच संसारात नवरा ख्रिस्ती आणि बायको आपली चूल, आपले पाणी निराळे राखणारी, असा तो काळ होता. टिळकांनी बळजबरी केली नाही आणि लक्ष्मीबाईंनी भीड म्हणून आपले मत सोडले नाही. त्या पाहत राहिल्या, विचार करीत राहिल्या. जातीभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, अशी त्यांच्याच मनाची खात्री पटली, तेव्हा त्यांनी तो टाकला. आणि एकदा टाकल्यावर पुन्हा मागे वळून पाहिले नाही. पुढे १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या दीक्षेनंतर पाच वर्षे मध्ये गेली होती.

या पाच वर्षांचे महत्त्व शेतकऱ्याने ओळखावे. शहाणा शेतकरी नवे बियाणे शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सबंध रानात पेरीत नाही. आधी एका वाफ्यात पेरतो, उगवण पाहतो, उतारा पाहतो आणि मग ठरवितो. लक्ष्मीबाईंनी आपल्या श्रद्धेचे असेच केले. म्हणूनच ती श्रद्धा पुढील छत्तीस वर्षांच्या उन्हात करपली नाही.

राहुरी : दुष्काळ आणि प्लेग

आपल्या जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. १८९६-९७ चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसे छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो कोसळला. त्याच सुमारास मुंबईत १८९६ साली शिरलेला प्लेग जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरत होता. त्या वेळी मुळेवर धरण नव्हते, कालवा नव्हता. राहुरी-नेवासे भागातील आजच्या उसाच्या रानात तेव्हा पावसाच्या भरवशावरची बाजरी व ज्वारी होत असे, आणि पाऊस चुकला की तीही नसे. सरकारने दुष्काळी कामे काढली. पुरुषांनी खडी फोडावी, बायकामुलांनी ती पाटीने वाहावी आणि ठरलेले काम पुरे झाले तर ठरलेला दाम घ्यावा. आईबाप गमावलेली मुले गावोगाव भटकू लागली.

नगरास अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून काम करीत होते आणि राहुरी, वडाळा या भागांत त्याची ठाणी होती. दुष्काळातील पोरक्या मुलांची सोय मिशनने केली. राहुरीत टिळक पतिपत्नींनी या कामास वाहून घेतले. जी बाई काही वर्षांपूर्वी परक्याच्या हातचे पाणी घेत नव्हती, तिने आता कोणत्या जातीचे, कोणत्या गावचे हे न विचारता उपाशी लेकरांस पोटाशी घेतले. त्यांना न्हाऊमाखू घालणे, उवा काढणे, खरजेवर औषध लावणे, रात्री उठून पाणी देणे ही कामे भाषणातली नव्हेत, हातापायांची आहेत. नगरला प्लेग आला तेव्हाही आजारी मुलींच्या शुश्रूषेस त्या स्वतः पुढे झाल्या. ज्या काळात गाठ दिसली की सख्खे नातलग रोग्याला टाकून रानात झोपड्या घालीत, त्या काळातील ही गोष्ट आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. राहुरी-नेवासे भागातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे ही टिळकांसारख्या ब्राह्मण घरांतून आलेली नव्हती. ती गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतील, महार-मांग समाजातील होती. त्यांच्यातील बायांनी दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपे चालविले, सुगीत वाट्याने कामे केली, रात्री कंदिलाच्या उजेडात लेकरांना धडे गिरवावयास बसविले, रविवारी स्वच्छ लुगडे नेसून देवळात गेल्या आणि आपल्या मुलांना शिक्षक, परिचारिका व शिपाई केले. आपल्या पिढीतील कित्येक शेतकऱ्यांना पहिली मुळाक्षरे ज्या गुरुजींनी शिकविली, त्यांपैकी काही अशाच मातांची मुले होती. त्या मातांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. लक्ष्मीबाईंचे चरित्र वाचताना आम्हांस त्या साऱ्याजणी आठवतात, कारण कष्ट तेच, मायाही तीच. फरक एवढाच की लक्ष्मीबाईंच्या हाती लेखणी आली.

नगरचे घर

पुढे टिळकांचे बिऱ्हाड नगरास झाले. टिळक शिकवीत, भजने रचीत. १९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादनही करू लागले. घर म्हणजे धर्मशाळाच. कवी येत, विद्यार्थी येत, निराश्रित येत. तारा नावाच्या मुलीला या दांपत्याने आपली मुलगी म्हणून वाढविले. आणि बालकवी म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हे याच घरात राहिले. त्या हळव्या मुलाची लहर सांभाळणे, तो रुसला तर समजावणे, त्याला वेळेवर जेवू घालणे हे लक्ष्मीबाईंकडे होते. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली येथे रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला, तेव्हा पोटच्या पोराइतकेच दुःख या माउलीस झाले. आज आपली मुले शाळेत बालकवींच्या कविता पाठ करतात. त्या कवितांमागे नगरच्या एका घरातील ताकभातही आहे, हे त्यांना सांगावयास हरकत नाही.

एवढ्या रगाड्यात लक्ष्मीबाई स्वतः कविता करीत. त्यांच्या कवितांचा संग्रह भरली घागर या नावाने त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्या कीर्तनेही करीत. बाईने उभे राहून कीर्तन करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. परंतु ज्या बाईने उपासमार, वियोग व प्लेग पाहिला होता तिला लोक काय म्हणतील याचे भय उरले नव्हते.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापन केला. नवऱ्याचे ध्येय उंच. पण पगार सुटला की चुलीपाशी त्याचा अर्थ निराळा होतो. तोही अर्थ लक्ष्मीबाईंनी निमूटपणे सांभाळला. निमूटपणे म्हणजे मुकाट्याने नव्हे. त्या नवऱ्याशी भांडत, त्याला बोलत आणि पुन्हा त्याच्या पानात वाढीत. त्यांच्या लेखनातील टिळक देव नाहीत. रागीट, विसराळू आणि तरीही थोर असे माणूस आहेत. आपल्या नवऱ्याचे दोष जगापुढे मांडूनही त्याचा मान तसूभर कमी होऊ दिला नाही, ही गोष्ट साधणे फार कठीण आहे. ज्यास शंका असेल त्याने आपल्या भावकीतील एका माणसाविषयी अशा रीतीने चार ओळी लिहून पाहाव्यात.

वैधव्य, नातवंडे आणि लेखणी

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. मागे जमीन नाही, घर नाही, पैसा नाही. त्यांनी हात पसरले नाहीत. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची, म्हणजे मुलींच्या देखरेखीची, नोकरी धरली. ज्या बाईने जन्मभर बिनपगारी जे काम केले तेच काम आता पगारी झाले, एवढेच. ती नोकरी सुटल्यावर मुलाच्या वाढत्या कुटुंबाबरोबर त्या कराचीस गेल्या. जलालपूरच्या सोवळ्या घरातील मुलगी सिंधमध्ये समुद्रकाठी जाऊन नातवंडांची आजी झाली. भाषा परकी, हवा परकी. पण नातवंडांस न्हाऊमाखू घालणे, गोष्टी सांगणे आणि सुनेच्या हाताखाली हात लावणे या कामांस मुलूख परका नसतो.

देवदत्तांच्या मनात वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांनी आईस आठवणी लिहून देण्यास सांगितले. आईने लिहावयास घेतले आणि ते लेखन वडिलांच्या चरित्राचे साहित्य न राहता स्वतंत्र ग्रंथच झाला. तोच स्मृतिचित्रे. १९३४ पासून तो भागाभागाने प्रसिद्ध झाला. भाषा साधी, माजघरातली. शब्दांची आरास नाही, मोठेपणाचा आव नाही. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना आजही होते. १९५० साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि २०१७ साली शांता गोखले यांनी पुन्हा एक संपूर्ण भाषांतर केले. आजीच्या ग्रंथाची संपूर्ण आवृत्ती तिचा नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केली. आजीचे कष्ट नातवाने असे फेडले, हे वाचून आनंद होतो.

दुसरे काम याहूनही चिकाटीचे. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावयास घेतले होते. सुमारे दहा अध्याय झाले आणि काम थांबले. ते अर्धवट राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी उतारवयात हाती घेतले आणि त्याचे चौसष्ट अध्याय स्वतः रचले. ज्या बाईस धड शाळा मिळाली नाही तिने नवऱ्याच्या सहापटीहून अधिक ओवी-रान नांगरले. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला, पण तो पाहावयास त्या राहिल्या नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचा अंत झाला. नेवासे तालुका ही ज्ञानेश्वरीची जन्मभूमी. १२९० साली ओवीने येथे जे घर केले, त्या घरात एका ख्रिस्ती आजीनेही आपली ओवी आणून ठेवली, याचा आपल्यास अभिमान वाटावा.

आपल्या घरचा हिशेब

चरित्र येथे संपते. पण ज्यासाठी ते सांगितले ती गोष्ट आता सांगावयाची आहे. थोर बाईंची स्तुती करणे सोपे असते. कठीण आहे ते आपल्या ओसरीवर बसलेल्या म्हातारीकडे पाहणे.

कचेरीत बसून आम्ही जे पुष्कळदा पाहिले ते असे. खातेदार वारला की वारसनोंद होते. विधवेचे व मुलींचे नाव वारस म्हणून फेरफारात येते. त्याच महिन्यात मुलगा आईस व बहिणींस घेऊन निबंधकाच्या कचेरीत जातो आणि हक्कसोडपत्रावर त्यांचे अंगठे वा सह्या घेतो. पुढील फेरफाराने नावे कमी होतात. जिने चाळीस वर्षे त्या रानातील तण काढले तिचे नाव त्या सातबाऱ्यावर महिनाभरसुद्धा टिकत नाही. बहीण राजीखुशीने सोडते असे म्हणतात. कित्येकदा ते खरेही असते. परंतु माहेर तुटेल या भीतीने सोडलेला हक्क राजीखुशीचा म्हणता येत नाही, आणि आईच्या बाबतीत तर हे बोलणे शोभतच नाही.

कायदा काय म्हणतो ते प्रत्येक खातेदाराने जाणले पाहिजे. हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीने मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाइतका हक्क आला आहे. महाराष्ट्राने ही तरतूद त्याआधीच, १९९४ साली, काही मर्यादेने केली होती. ख्रिस्ती कुटुंबास १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्यात मृत्युपत्र नसेल आणि मुलेबाळे असतील तर विधवेस एक तृतीयांश, आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत मुलगा व मुलगी यांस सारखा वाटा. म्हणजे ज्या बाबतीत इतरांस २००५ उजाडावे लागले, त्यातील मुलामुलींची बरोबरी आपल्या गावच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कायद्यात कितीतरी आधीपासून आहे. कायदा आहे म्हणून व्यवहार तसा होतोच असे मात्र नाही. हक्कसोडपत्राची वाट सर्व धर्मांस सारखीच खुली असते.

नवऱ्याच्या हयातीतही उपाय आहे. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ काढली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. पुढे शासनानेही परिपत्रक काढून, खातेदाराच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहधारक म्हणून दाखल करण्याची वाट मोकळी केली. ज्यास आपल्या घरच्या लक्ष्मीचे ऋण मानावयाचे आहे त्याने गावच्या तलाठ्याकडे, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, चौकशी करावी. सातबारा हा मूळ मालकीचा दस्त नव्हे हे खरे. तरी १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई या सर्व गोष्टी त्या उताऱ्यावरून चालतात. नाव नसलेल्या विधवेस यांपैकी काहीही सुखाने मिळत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदांत आईचे नाव लागू लागले आहे. मुलाच्या नावापुढे आई आली. आता शेताच्या उताऱ्यावर तिला आणणे आपल्या हाती आहे.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. आमच्या भागात अजून अशा आज्या आहेत, ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावावर माती वाहिली, सुकडी खाऊन लेकरे जगविली आणि मुळेचे पाणी रानात प्रथम आले ते डोळ्यांनी पाहिले. कोणत्या वर्षी कोणते पीक गेले, बी कोठून उसने आणले, सावकाराचे देणे कसे फिटले, कोणते मूल कोणत्या साथीत गेले, हे त्यांना तोंडपाठ आहे. देवदत्तांनी आईस लिहावयास सांगितले म्हणून आपल्यास स्मृतिचित्रे मिळाली. आपल्या आईस लिहिता येत नसेल तर तिने सांगावे आणि शिकलेल्या नातवाने लिहून घ्यावे. एक शंभर पानी वही पुरे. त्यात ग्रंथाचा थाट नको. वर्ष, पाऊस, पीक, आजार, लग्न, देणेघेणे एवढे आले तरी त्या शेताचा खरा इतिहास तयार होईल. जुन्या पिकांच्या वाणांची व बी राखण्याच्या रीतींची जी माहिती आज आपण विद्यापीठात शोधीत जातो, तीही त्या वहीत सापडेल.

लक्ष्मीबाईंना संसारात मिळाले थोडे, त्यांनी दिले पुष्कळ, आणि दिल्याचा टेंभा कधी मिरविला नाही. त्यांची श्रद्धा ख्रिस्तावर होती. आमच्या वाचकांपैकी कोणाची विठ्ठलावर असेल, कोणाची आणखी कोठे. पण उपाशी पोरास जात न विचारता जेवू घालणारा हात सगळ्या धर्मांत एकच असतो, आणि तो बहुधा आईचाच असतो. येत्या पाडव्यास, साल बदलते तेव्हा, प्रत्येक खातेदाराने आपला खातेउतारा पुढे घ्यावा आणि त्यात आपल्या आईचे व गृहिणीचे नाव कोठे आहे ते पाहावे. नसेल तर काय करावयाचे ते वर सांगितले आहे.